बापाच्या रकान्यात

सोम. ५ जाने. नांदेड

पहाटेच्या एसटीनं लातूर सोडलं, दहाच्या आत विष्णुपुरीच्या खोलीवर. निघताना मैतू दारात, मिलिंदच्या कडेवर. मी बॅग उचलली तसा तिनं हात हलवला. टाटा. हसत! सतरा महिन्यांची पोरगी, आई पाच दिवसांसाठी चाललीय, आणि ही शेजारच्या काकूला करावा तसा टाटा करायली. सासूबाई म्हणाल्या, "बघ कशी शहाणी हाय, जरा म्हणून तरास न्हाई." मी म्हटलं, हाव. अहमदपूर येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसले.

(समोर मिलिंदला 'अहो' आणि 'तुम्ही'. इथं 'तो'. वही माझी आहे, इथं तरी मोकळं.)

दुपारी उंदरांच्या खोलीत. तिथं आमचा दिवस उलटा. बाहेर ऊन, आत अंधार आणि लाल दिवा, कारण उंदरांची जागायची वेळ अंधाराची. आज एकटा नर, अजून मादीसोबत न राहिलेला. पिंजऱ्यात एक पिल्लू ठेवलं. आधी वास घेतला, मग सरळ चावायला धावला. मी पिल्लू झटकन उचललं, काही झालं नाही त्याला. हाच नर मादीसोबत राहिला, त्याची पिल्लं व्हायची वेळ आली की हाच त्यांना चाटतो, तोंडात धरून घरट्यात नेतो. तोच उंदीर, तोच मेंदू. मध्ये काय बदलतं, एवढाच माझ्या पीएचडीचा विषय. सर म्हणतात, पिल्लं सांभाळणाऱ्या पेशी नराच्या मेंदूत पण असतातच, मादीत असतात तशाच. झोपलेल्या असतात. कोणीतरी उठवाव्या लागतात.

मिलिंदच्या कोणी उठवल्या? मीच की. आठव्या महिन्यात पोरगी त्याच्या हातात दिली आणि इकडं आले.

बुध. ७ जाने.

सातला व्हिडिओ कॉल. मिलिंद मुरुडच्या शाळेतून नुकताच आलेला, पायात बूट तसेच, मैतू त्याच्या पाठीवर चढलेली. "बोल आईशी. आई कुठंय?" तिनं मोबाईलवर बोट ठेवलं. आई. बरोबर. सगळे खूश.

मग सासूबाईंचा मोबाईल टेबलावर वाजला. स्वयंपाकघरात होत्या त्या, फोन नुसता वाजत होता. मैतू त्याच्याकडं धावली, त्याच्यावर बोट ठेवलं. आई. मिलिंदनं आपला बंद पडलेला जुना हँडसेट दाखवला. आई.

मोबाईलला आई म्हणती पोरगी.

मिलिंद इतका हसला, इतका हसला. मी पण हसले. मग म्हटलं रेंज जायली, आणि कट केला. नळ सोडून बसले जरा वेळ.

शुक्र. ९ जाने.

दिवसभर व्हिडिओ. स्वतःसाठी पद्धत पुन्हा लिहून ठेवते, कारण आज डोकं चालत नाही. आई-बाप दोघांना पिंजऱ्याबाहेर काढायचं, पिल्लं चार कोपऱ्यांत पसरायची, मग दोघांतल्या एकालाच आत सोडायचं. वरून कॅमेरा. मग मी घड्याळ घेऊन बसते आणि चार रकाने भरते: उचलून नेणं, चाटणं, अंगाखाली घेणं, नुसतं बसणं. नंतर त्या उंदराचा मेंदू काढायचा, पातळ काप करायचे, रंगवायचे. ज्या पेशी त्या वेळी जाग्या होत्या तिथं तपकिरी ठिपके येतात. ते मोजायचे.

तोच व्हिडिओ नाझिमा पण वेगळा बघणार. ती माझ्या शेजारच्या टेबलावरची, देगलूरची, माझ्याआधी दोन वर्षं इथं. दोघींनी एकमेकींना न दाखवता भरायचं आणि शेवटी जुळवायचं.

आज १४ नंबरचा बाप. पिल्लं आणली चारही, पटापट. नंतर पंधरा मिनिटं घरट्यात ढिम्म. नुसतं बसणं, नुसतं बसणं, नुसतं बसणं. लिहिताना मजा आली मला. आणलीस ना चार पिल्लं, झालं तुझं? आता बस आणि वाट बघ कोणी वा वा म्हणायची.

रवि. ११ जाने. लातूर

मैतूचं जावळ. सकाळी घरात वंदना झाली, मग मामाच्या मांडीवर बसवून केस काढायचे. दादा निलंग्याहून खास आला होता, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मी समोर चटईवर, हात पसरून, टॉवेल घेऊन. मशीन कानाशी आलं आणि पोरीनं जी किंकाळी फोडली! दादाच्या मांडीवरून घसरली, अर्धं डोकं भादरलेलं, आणि धावत सुटली. माझ्याच दिशेनं. मी टॉवेल उघडला.

माझ्या गुडघ्याला हात लावून ती पुढं गेली. मागं दारात मिलिंद उभा होता, पंगतीच्या पत्रावळ्या घेऊन. त्याच्या पायाला मिठी.

सगळ्या बाया हसल्या. "बापाची हाय गं बया ही!" "आईला वळखती तरी का?" आणि माझी स्वतःची आई, "सुजे, नशीब काढलंस. आमच्या टायमाला बाप्यांनी लेकरू उचललं तर लोक नावं ठेवायचे."

दुपारभर तेच. मिलिंद किती करतो. मिलिंद कसा भरवतो. त्यानं लंगोट बदलला तर पेढे वाटायचेच बाकी. मी सात महिने अंगावर पाजलं, टाके ओले असताना तिला घेऊन फेऱ्या मारल्या, तेव्हा एक तरी म्हणाली का, वा सुजाता? आईनं केलं तर ते केलंच नाही. बापानं केलं की गावभर.

जळते मी. लिहूनच टाकते. नवऱ्यावर बाई जळती ती दुसऱ्या बाईवरनं. मी माझ्याच पोरीवरनं जळते. त्याच्या हातात एक भात कालवायची पद्धत आहे, बोटांच्या टोकांनी, ती बघितली तरी माझ्या पोटात दुखतं.

सोम. १२ जाने. एसटीत

अक्षर वाकडं येतंय, रस्ता तसाच आहे.

आज निघायच्या आधी एक काम केलं. मैतूला झोपताना मिलिंदचं जुनं बनियन लागतं. कोपरा तोंडात, बाकी गालाखाली. धुवायचं नाही असा घरात कायदा, कारण वास गेला की ती घेत नाही. मी ते बनियन बादलीत टाकलं. गरम पाणी, साबण, वर दोन झाकणं डेटॉल. खसाखसा घासलं. वाळत घातलं. आणि माझी दोन दिवस वापरलेली निळी ओढणी तिच्या उशीखाली ठेवली.

प्रयोगशाळेत आम्ही असंच करतो. दुसऱ्या मादीखाली पिल्लू द्यायचं असलं की तिच्या घरट्यातला भुसा पिल्लाला चोळायचा. वास जुळला की घेते ती.

मला माहीत आहे हे काय आहे. शिकलेल्या बाईनं करायचं काम नाही. पण केलं.

मंगळ. १३ जाने.

मिलिंदचा फोन, मधल्या सुट्टीत. आवाज बसलेला.

"मैतू अजिबात झोपली न्हाई. ते बनियन तू धुतलंस का?"

"मळलं होतं लई."

"बरं."

एवढंच. बरं. ओरडला असता तर मी पण दोन ऐकवले असते. ओढणीचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

शुक्र. १६ जाने.

नाझिमाचे रकाने आणि माझे रकाने आज शेजारी ठेवले. आयांचे जवळपास तंतोतंत जुळले. बापांचे कुठल्या कुठे. तिच्या कागदावर 'अंगाखाली घेणं' भरलेलं, माझ्या कागदावर त्याच मिनिटांना 'नुसतं बसणं'. एक नाही, दोन नाही, सगळ्या बापांना.

मी आधी तिच्यावरच उखडले. "तूच लई दयाळू झालीस. तो नुसता बसलाय."

"अगं पिल्लं त्याच्या खाली हायेत."

"असतील. योगायोगानं."

"आणि आई बसली की तुझ्या कागदात ती पाजायली, ऊब द्यायली. बाप बसला की नुसता बसलाय." तिनं चष्मा काढून पुसला. "सुजाता, कायकू इतकी तापायलीस? उंदीर हाय तो."

मी उठून बाहेर आले. कँटीनचा चहा घेतला, गार झाला, टाकून दिला.

शनि. १७ जाने.

लातूरला गेले नाही. काम आहे असं कळवलं, खोटं नाही ते.

१४ नंबरचा व्हिडिओ पुन्हा लावला. एकटीच होते. हळू करून, थांबवून थांबवून. पाठ कमानीसारखी वर आहे. पुढचे पाय थरथरतायत, भार पिल्लांच्या अंगावर पडू नये म्हणून उचलून धरलेत. एक पिल्लू बाजूला सरकलं, त्यानं नाकानं आत ढकललं. पुन्हा सरकलं, पुन्हा ढकललं. पंधरा मिनिटं तो हलला नाही, कारण हलला असता तर ती उघडी पडली असती.

आणि मी लिहिलं नुसतं बसणं.

तो आता नाही. व्हिडिओ काढला त्याच दिवशी, नव्वद मिनिटांनी, मीच त्याचा मेंदू काढला. काचपट्टीवर आहे, माझ्याच अक्षरात नंबर. लई वाईट वाटलं. उंदरासाठी रडणारी मी नव्हे, पण रडले.

सोम. १९ जाने.

सरांना सांगावंच लागलं. ओरडत नाहीत ते, त्यामुळं जास्त लाज वाटते. म्हणाले, व्हिडिओ लाव. लावला. फ्रेमच्या कोपऱ्यात पिंजऱ्याचं कार्ड दिसत होतं. त्यावर नंबरापेक्षा मोठं, मार्करनं: बाप.

हा माझा आणि नाझिमाचा जुना खेळ. सर पहिल्या दिवसापासून सांगतात, कार्डावर फक्त नंबर. आम्हाला नंबर लक्षात राहत नाहीत म्हणून आम्ही आई, बाप लिहीत आलो. नाझिमानं ते वाचलं आणि तिचं काही बिघडलं नाही. मी वाचलं आणि...

सर म्हणाले, "स्क्रीनच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी लावा. सगळे पुन्हा बघ. कोणाला बघतेयस ते तुला कळता कामा नये." मग जाता जाता, "घरी सगळं ठीक ना?"

ठीक आहे म्हटलं.

गुरु. २२ जाने.

शहाणपण यायला पाहिजे होतं ना या सगळ्यातून? आलं नाही. उलटंच झालं. चुकले ते उंदरांच्या बाबतीत, ते मान्य. पण मैतू उंदीर नाही, आणि मला ती पाहिजे. आज मिलिंदला फोन.

"मी मैतूला नांदेडला आणते. कॉलनीत पाळणाघर बघितलंय, मावशी चांगल्या आहेत."

"एकदम कशाला? जूनपर्यंत तुझं होईलच की."

"जूनपर्यंत ती मला ओळखणार नाही."

"ओळखती गं."

"मोबाईलला आई म्हणती ती, अहो! तुम्हाला हसू आलं होतं."

"तुझी पोरगी हाय. ने."

भांडायला काय होतं त्याला? मी भांडायची सगळी तयारी करून फोन लावला होता. त्याचा हा चांगुलपणाच माझ्या डोक्यात जातो.

सोम. २६ जाने. लातूर, निघताना

मिलिंद झेंडावंदन करून मुरुडहून परत आला, मग मैतूची पिशवी भरली. त्यानंच. मला कुठं काय ठेवलंय माहीत नव्हतं. वर एक कागद दिला, शाळेच्या वहीतला, दोन्ही बाजूंनी भरलेला. उतरवून ठेवते थोडं:

भात गार झाला की थुंकते. कान चोळला म्हणजे झोप आली, लगेच घ्यायचं, पाच मिनिटं गेली की हातची गेली. कुत्रं दिसलं की तिला उचलून दाखवायचं, न्हाईतर अडून बसते. डाव्या कुशीवर. पाणी वाटीनं, पेल्यानं न्हाई. बनियन आता लागत न्हाई, सवय मोडली. तुझी ओढणी देऊन बघितली बरेच दिवस, घेत न्हाई अजून, पण दे.

यातलं एकही मला माहीत नव्हतं. एकही. कागद घडी घालून पर्समध्ये कोंबला. राग म्हणू की काय म्हणू.

सासूबाई दारात आल्याच नाहीत.

मंगळ. २७ जाने. नांदेड

रस्त्यावरनं मोटरसायकल गेली की "बाबा", मिलिंदची गाडी वाटून. आज मोजल्या नाहीत, पण कॉलनीत मोटरसायकली लई आहेत.

पाळणाघरात सोडताना माझ्या गळ्याला धरलं. मी किती खूश झाले! मग कळलं, माझ्या ओढीनं नव्हे, नवीन जागेला घाबरून. बाकी कोणी ओळखीचं नव्हतं तिथं, म्हणून मी.

भात थुंकला. गरम होता.

गुरु. २९ जाने.

आज एकदाही "बाबा" नाही. मोटरसायकल गेली, तिनं मान पण वळवली नाही. मावशी म्हणाल्या, "रुळली बघा. चारच दिवसांत."

मी पण म्हणत होते तसंच, घरी येईपर्यंत. मग दुपारचं आठवलं. पिल्लं घरट्याबाहेर पडली की ओरडतात, इतक्या बारीक आवाजात की माणसाला ऐकू येत नाही, त्यासाठी यंत्र लावलंय. आज एक पिल्लू बाजूला राहिलं होतं. यंत्रावर आधी रेघाच रेघा, मग विरळ, मग काहीच नाही. नाझिमाच्या हाताखाली आलेली नवी मुलगी म्हणाली, झोपलं वाटतं. मीच तिला शिकवलं, "झोपलं नाही, गार पडलंय. लवकर उचल."

मैतूच्या पायांना हात लावून बघितला. गरम होते. वेडी आहे मी.

शनि. ३१ जाने.

लातूरला न्यायचं कबूल केलं होतं दर शनिवारी. नेलं नाही. म्हटलं, आत्ता कुठं रुळायली, पुन्हा विस्कटेल. मिलिंद म्हणाला, "बघ बाई तुला कसं वाटतं ते."

सोम. २ फेब्रु.

मैतूला ताप. डॉक्टर म्हणाले साधाच, फिरतोय सगळीकडं, पातळ औषध दिलं. प्रयोगशाळेत गेले नाही. दिवसभर ती माझ्या खांद्यावर, तोंड माझ्या मानेत खुपसलेलं, खाली ठेवलं की रडायची, उचललं की गप्प. माझ्याच अंगावर. मी ओट्याशी गेले तरी, अंघोळीला गेले तरी, आई, आई. मोबाईल शेजारीच पडला होता. त्याच्याकडं बघितलं पण नाही तिनं.

मला आनंद झाला. ताप आला म्हणून मला आनंद झाला. हे खोडणार नाही.

सातला मिलिंद. "कशी हाय?"

"बरी आहे. झोपली."

मंगळ. ३ फेब्रु.

ताप आहे, उतरतोय. नाझिमा दुपारी मऊ खिचडीचा डबा घेऊन आली. मैतूच्या कपाळाला हात लावला. "कधीपासून?" काल. "बापाला सांगितलं का?"

मी डबा उघडायला लागले.

"सुजाता. कायकू लपवायलीस?"

"तो येईल मग."

"येऊ दे की!"

"आला की ती त्याच्याकडं जाईल." बोलून गेले. पहिल्यांदाच दुसऱ्या माणसाला. नाझिमा म्हणाली, "माझ्या अब्बांना आम्ही तापात असलो तर अम्मी सांगायची न्हाई. काळजी करतील म्हणून. तुझं कारण वेगळंच हाय बाई." आणि माझा मोबाईल माझ्या हातात दिला. मी फोन लावेपर्यंत बघत उभी राहिली.

सांगितलं. कालपासून आहे हे पण सांगितलं. यावेळी तो "बरं" म्हणाला नाही. "काल मला बरी हाय म्हणलीस ना तू?" एवढंच, आणि ठेवला.

बुध. ४ फेब्रु.

दुपारी आला. अर्ध्या रजेवर, लातूरहून उभ्यानं. हातात संत्री. दार मीच उघडलं, मैतू माझ्या कडेवर, ताप गेलेला, केस कुरळे उगवायलेत डोक्यावर. "मैतूऽ" म्हणून त्यानं हात पुढं केले.

तिनं बघितलं त्याच्याकडं. एकटक, अनोळखी माणसाकडं बघतात तसं. आणि तोंड फिरवून माझ्या मानेत घातलं.

त्यानं पुन्हा हाक मारली. तिनं माझी वेणी मुठीत धरली, घट्ट.

हेच पाहिजे होतं मला. जावळाच्या दिवसापासून हेच. भर दारात, त्याच्यासमोर. आणि त्याचं तोंड. हात तसेच पुढं राहिलेले, हसू तसंच राहिलेलं, काढून घ्यायला सुचलं नाही त्याला. ते तोंड मी ओळखते. आतून ओळखते, टॉवेल धरून बसले होते तेव्हा माझं होतं.

"जा बाबाकडं" म्हणायला किती वेळ लागतो? म्हटलं नाही. म्हणाले, "राहू द्या, तापात चिडचिडी झाली."

"हाव. राहू दे." संत्री सोलून दिली त्यानं, शिरा काढून. ती माझ्या हातानं खाल्ली तिनं. दोन तास बसला. ओढत नव्हता, गोंजारत नव्हता, नुसता जवळ बसला होता. पाचच्या गाडीनं गेला, उद्या शाळा.

तो गेल्यावर मैतू खाली उतरली. दाराशी गेली, दाराला हात लावला. म्हणाली, "बाबा गेला."

दोन शब्द जोडून आजपर्यंत कधी बोलली नव्हती. पहिलं वाक्य. माझ्यासमोर बोलली, फक्त माझ्यासमोर.

मी दाराशीच खाली बसले. "बाबा गेला" पुन्हा म्हणाली ती, मला समजलं नसेल म्हणून जरा मोठ्यानं. मग रडायला लागली, आठ दिवसांचं एकदम. मी पण.

शुक्र. ६ फेब्रु.

चिकटपट्टी लावून बघितलेले सगळे व्हिडिओ आज नाझिमाशी जुळवले. जुळले. एका उंदराला मी शेऱ्यात लिहिलं होतं, 'फार जपते, नक्की आई.' पट्टी काढली. बाप. नाझिमा टेबलावर डोकं ठेवून हसली, मला पण हसू आलं, पुष्कळ दिवसांनी. काचपट्ट्या पण बघितल्या सरांसोबत. तपकिरी ठिपके, त्याच जागी. नंबर झाकला तर आईचा मेंदू कुठला, बापाचा कुठला, मला तरी सांगता आलं नाही.

सरांना विचारलं, "पिल्लाला कोण पाहिजे असतं, ते?"

सर म्हणाले, "ते आपण विचारलेलंच नाही. आपण आई-बापांकडंच बघतोय पहिल्यापासून."

संध्याकाळी मिलिंदला सगळं सांगितलं. बनियन का धुतलं ते. ताप आला तेव्हा मला काय वाटलं ते पण. फोनवर बोलताना त्याचं तोंड दिसत नव्हतं ते बरं. म्हणाला, "माझ्या पण पोटात दुखायचं की. तू सात महिने अंगावर पाजायचीस, तेव्हा. मी नुसता उशी सरकवायला." मग म्हणाला, "लई राग आलाय मला तुझा. ये उद्या."

शनि. ७ फेब्रु. लातूर

गाडी उशिरा, दोन वाजले. मैतू पूर्ण रस्ता माझ्या मांडीवर, खिडकीतून दिसलेलं प्रत्येक कुत्रं तिला उचलून दाखवत आले. स्टँडवर मिलिंद फलाटाच्या खांबाशी उभा, कामाचा शर्ट, दाढी वाढलेली. मी उतरले तर बॅगेचा पट्टा तुटला, सगळं खाली. ते गोळा करायला मैतूला खाली ठेवलं.

तो आठ-दहा पावलांवर होता. पुढं आला नाही. मी बॅग सोडून सरळ झाले, मी पण तिला घेतलं नाही. का ते माहीत नाही. तो माझी वाट बघत होता, मी त्याची. मैतू मध्ये उभी, एक बूट निघालेला. त्याच्याकडं बघितलं तिनं. माझ्याकडं बघितलं. पुन्हा त्याच्याकडं. उसाच्या रसाचा गाडा, निलंग्याच्या गाडीची धावपळ, लोक तिच्या बाजूनं चाललेले. ओठ बाहेर आला. आणि भर फलाटावर बसकण मारून तिनं गळा काढला.

दोघं एकदम धावलो. एकदम वाकलो. डोक्यावर डोकं आपटलं, अजून टेंगूळ आहे मला.

आधी हात कोणाचा पोचला ते मी बघितलंय. इथं लिहिणार नाही. सोमवारच्या गाडीला मी एकटी की दोघी, ते उद्या बोलायचं ठरलंय.